उतारवयातील श्वसनविकार आणि वैद्यकीय भेटीचे नियोजन : कोल्हापूर जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : वार्धक्य, श्वसनविकार, सीओपीडी, वैद्यकीय भेट, कोल्हापूर जिल्हा, ज्येष्ठ नागरिक

प्रस्तावना :

वार्धक्यातील आजारांचा विचार करताना मधुमेह, रक्तदाब व सांधेदुखी यांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. त्या मानाने श्वसनविकारांकडे मात्र दुर्लक्ष होते. ‘वय झाले, आता धाप लागायचीच’ ही समजूत रुग्ण, त्याचे कुटुंबीय आणि कित्येकदा शेजारपाजारचे सुशिक्षित लोकही सहज स्वीकारतात. या समजुतीमुळे श्वसनविकार वर्षानुवर्षे निदानाविना राहतो आणि रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोहोचतो तो बहुधा मध्यरात्री, श्वास कोंडल्यावर. ही भेट रुग्णाच्या आयुष्यातील सर्वांत महागडी आणि सर्वांत कमी उपयोगाची भेट ठरते. कारण त्या वेळी जीव वाचविणे एवढेच साध्य होऊ शकते, आजार समजावून घेणे व तो आटोक्यात ठेवणे साधत नाही.

श्वासाचे व्यवस्थापन आणि वैद्यकीय भेटीचे व्यवस्थापन या दोन स्वतंत्र गोष्टी नसून ती एकच प्रक्रिया आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. ज्याला चालताना धाप लागते त्याला दवाखान्यापर्यंत जाणेच अवघड असते; आणि जो दवाखान्यात वेळेवर जात नाही त्याची धाप वाढतच जाते. हे चक्र कोठे तोडता येईल, याचा शोध कोल्हापूर जिल्ह्याच्या संदर्भात येथे घेतला आहे.

उद्दिष्टे व लेखाचे स्वरूप :

१) उतारवयातील श्वसनविकारांचे स्वरूप स्पष्ट करणे. २) कोल्हापूर जिल्ह्यातील श्वसनविकारांस पोषक ठरणाऱ्या परिस्थितीचा आढावा घेणे. ३) वैद्यकीय भेट निष्फळ होण्याची कारणे शोधणे. ४) घर व दवाखाना यांना जोडणारे साधे नियोजन सुचविणे. लेख वर्णनात्मक व विवेचनात्मक असून तो वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही.

वार्धक्य आणि श्वसन :

मनुष्याच्या फुफ्फुसांची क्षमता साधारणपणे वयाच्या पंचविशीपर्यंत पूर्ण विकसित होते व त्यानंतर हळूहळू घटू लागते. वयोमानाने छातीचा पिंजरा ताठर होतो, श्वसनाचे स्नायू दुबळे होतात आणि फुफ्फुसांची लवचिकता कमी होते. परंतु ही घट एवढी संथ असते की निरोगी वृद्धास सपाट रस्त्यावर आपल्या गतीने चालताना धाप लागू नये. तशी ती लागत असेल तर तो वयाचा दोष नसून आजाराची खूण आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

या खुणेमागे अनेक आजार असू शकतात. सीओपीडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात व श्वास बाहेर टाकण्यास अडथळा येतो. दम्यामध्ये हा अडथळा कमीअधिक होत राहतो. हृदयाची कार्यक्षमता घटल्यास आडवे झोपल्यावर धाप वाढते व पायांवर सूज येते. रक्तक्षय, पूर्वी होऊन गेलेल्या क्षयरोगाचे व्रण आणि स्थूलता हीही कारणे आढळतात. एकाच वृद्धामध्ये यांपैकी दोन-तीन कारणे एकत्र असणे मुळीच दुर्मीळ नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहिल्यास थुंकीची तपासणी करणे आवश्यक असते.

या प्रश्नाची व्याप्ती मोठी आहे. ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात १९९० मध्ये सीओपीडीचे सुमारे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते, २०१६ मध्ये ही संख्या सुमारे ५ कोटी ५३ लाख झाली. हा आजार केवळ धूम्रपान करणाऱ्यांना होतो, ही समजूतही अपुरी आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘द लॅन्सेट’मधील लेखात धूम्रपान न करणाऱ्यांमधील सीओपीडीकडे लक्ष वेधले व चुलीच्या धुराचे महत्त्व अधोरेखित केले. विडी-सिगारेट हे प्रमुख कारण आहेच; परंतु आयुष्यात विडीला स्पर्शही न केलेल्या आपल्या आई-आजीची फुफ्फुसे निर्धोक आहेत असे त्यावरून समजता येत नाही.

कोल्हापूर जिल्ह्याची परिस्थिती :

२०११ च्या जनगणनेनुसार ३८,७६,००१ लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यात बारा तालुके आहेत. येथील समृद्धी ज्या उद्योगांनी घडविली, त्यांपैकी अनेक उद्योग धूळ व धूर यांच्याशी निगडित आहेत. गुऱ्हाळघरात चुलवाणासमोर हंगामभर जाळ घालणारा कामगार आणि काहिलीजवळ उभा राहणारा गुळव्या यांच्या श्वासात धूर व वाफ जात असते. ऊसतोडणीनंतर शेतात पाचट पेटविले की गावभर काजळी उतरते. शिरोली व गोकुळ शिरगाव येथील ओतकाम कारखान्यांत साच्यांच्या वाळूतून सिलिकायुक्त सूक्ष्म धूळ उडते. तिच्या दीर्घ संपर्काने सिलिकोसिस होऊ शकतो. इचलकरंजीत १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग सुरू झाला. तेव्हापासून तेथील कामगारांच्या अनेक पिढ्या सुताच्या धुळीत वावरल्या आहेत.

स्त्रियांच्या बाबतीत हा धूर घरातच होता. केंद्र शासनाची उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. परंतु आज सत्तरीत असलेल्या ग्रामीण स्त्रीने त्यापूर्वी चार-पाच दशके लाकूड, शेणी व काट्याकुट्यांच्या धुरात स्वयंपाक केलेला असतो. गॅस आला म्हणून झालेली हानी भरून निघत नाही. तव्यावर मिश्री भाजण्याची सवय व डासांसाठी लावली जाणारी अगरबत्ती यांचीही यात भर पडते.

म्हणून डॉक्टरांना वयाइतकीच रुग्णाच्या कामाची माहिती देणे महत्त्वाचे आहे. निवृत्त कामगार आपले काम सांगत नाही, कारण ते सोडून वीस वर्षे झालेली असतात. आणि गृहिणी सांगत नाही, कारण चुलीपुढे बसणे हे काम होते असे तिला कधी कोणी म्हटलेलेच नसते.

वैद्यकीय भेट निष्फळ का होते?

पहिले कारण भाषेचे आहे. मराठीत ‘दम’ या शब्दात शक्ती, थकवा, धीर आणि आजार एवढे सारे अर्थ सामावलेले आहेत. ‘दम लागतो का?’ या प्रश्नाला वृद्ध रुग्ण बहुधा ‘नाही’ असे उत्तर देतो आणि ते खोटे नसते. धाप लागते म्हणून त्याने चढाची वाट सोडलेली असते, मग शेत सोडलेले असते, मग चौकापर्यंत जाणेही सोडलेले असते. आता तो सोप्यात बसून असतो आणि बसल्या जागी दम लागत नाही. आजार वाढत असताना तक्रार कमी होत जाते, ही या विकारातील सर्वांत फसवी गोष्ट होय. म्हणून ‘दम लागतो का?’ यापेक्षा ‘गेल्या वर्षी करीत होता असे कोणते काम आता सोडले?’ हा प्रश्न अधिक उपयुक्त आहे. जोतिबाच्या पायऱ्या चढणे केव्हा थांबले, रंकाळ्याची फेरी अर्ध्यावर का आली, धार काढायला सून केव्हापासून जाऊ लागली, या उत्तरांतून फुफ्फुसांची अवस्था कळते.

दुसरे कारण अंतराचे आहे. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरहून अधिक आहे. तेथील अनेक रुग्णांना बेळगाव अधिक सोयीचे पडते. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी या डोंगराळ तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरून एसटीच्या थांब्यापर्यंत येणे हीच मोठी परीक्षा असते. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात म्हणजे आपल्या बोलीतल्या ‘सीपीआर’मध्ये येणाऱ्या वृद्धाला केसपेपर, तपासणी, एक्स-रे व औषधे अशा निरनिराळ्या ठिकाणी जावे लागते. खाजगी दवाखान्यात नंबर लावूनही तासन्‌तास बसावे लागते. सोबत येणाऱ्या मुलाची रजा किंवा रोजगार बुडतो. परिणामी ‘बरे वाटते आहे, मग कशाला जायचे’ असा निर्णय घेतला जातो. तो बहुधा रुग्णच घेतो, मुलाला त्रास नको म्हणून.

तिसरे कारण माहितीच्या विखुरलेपणाचे आहे. हृदयाची फाईल एका डॉक्टरांकडे, डोळ्यांची दुसरीकडे, गुडघ्यांची तिसरीकडे. काचबिंदूसाठी दिले जाणारे टिमोलॉल जातीचे थेंब काही रुग्णांच्या श्वासनलिका आकुंचित करू शकतात. पण ‘डोळ्यांत घालायचे औषध’ छातीच्या डॉक्टरांना सांगावे असे कोणाच्या मनातही येत नाही.

श्वासाचे दैनंदिन व्यवस्थापन :

श्वसनविकारावरील प्रमुख औषधे श्वासावाटे घ्यावयाची असतात. ठरावीक मात्रा देणारा इनहेलर १९५६ मध्ये वापरात आला. तरीही ‘पंपाची सवय लागते’ ही भीती आजही कायम आहे. वस्तुतः इनहेलरमधून औषध थेट श्वासनलिकेत पोहोचत असल्याने गोळीच्या तुलनेत फार कमी मात्रा पुरते. प्रश्न सवयीचा नसून पद्धतीचा आहे. फवारा हलवून घेणे, पूर्ण श्वास सोडणे, ओठ घट्ट मिटून फवारा दाबतानाच संथ व खोल श्वास घेणे, शक्य तितका म्हणजे सुमारे दहा सेकंद तो रोखून धरणे आणि स्टेरॉईडयुक्त औषध असल्यास नंतर चूळ भरणे, एवढ्या पायऱ्या त्यात असतात. थरथरत्या किंवा सांधे धरलेल्या हातांना दाबणे व श्वास घेणे एकाच वेळी साधत नाही. त्यांना स्पेसर नावाची नळी जोडल्यास औषध वाया जात नाही. यंत्रात घालून ओढावयाची पावडरीची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्णही असतात. म्हणून प्रत्येक भेटीत रुग्णाने इनहेलर घेऊन दाखविणे व डॉक्टरांनी ते पाहणे आवश्यक आहे.

धाप लागल्यावर पुढे किंचित वाकून हात मांडीवर टेकवावेत, नाकाने श्वास घ्यावा आणि गरम चहावर फुंकर घालावी तसा ओठांचा चंबू करून तो सावकाश सोडावा. असे केल्याने श्वासनलिका अधिक वेळ खुल्या राहतात. आंघोळ स्टुलावर बसून करणे, कामे विभागून घेणे, एका वेळी थोडे व अनेकदा खाणे यांचाही उपयोग होतो. तथापि धाप लागते म्हणून हालचाल पूर्णपणे थांबविणे घातक ठरते. स्नायू दुबळे होतात आणि तेवढ्याच कामाला अधिक श्वास लागू लागतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज थोडे चालणे हा उपचाराचाच भाग आहे.

कोविडच्या साथीनंतर अनेक घरांत पल्स ऑक्सिमीटर व ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले. येथे एक सावधगिरी हवी. सीओपीडीच्या तीव्र अवस्थेत अनिर्बंध ऑक्सिजन दिल्यास शरीरात कार्बन डायऑक्साईड साठून रुग्णास गुंगी येऊ शकते; अशा रुग्णांसाठी ८८ ते ९२ टक्के हे प्रमाण सर्वसाधारणपणे योग्य मानले जाते. ‘जितका जास्त तितका बरा’ हा नियम येथे लागू पडत नाही. यंत्राचा प्रवाह डॉक्टरांनी ठरवून दिलेला असावा आणि त्याच्याजवळ निरांजन, उदबत्ती किंवा विडी नसावी.

वाक्य पूर्ण बोलता न येणे, ओठ निळसर होणे, असंबद्ध बोलणे, अनावर झोप येणे किंवा छातीत दुखणे यांपैकी काहीही आढळल्यास भेटीची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

भेटीचे नियोजन :

वैद्यकीय भेट आजाराच्या उसळीवर अवलंबून न ठेवता ऋतुमानाशी जोडावी, असे सुचवावेसे वाटते. कोल्हापूरच्या वृद्धांसाठी वर्षातील तीन भेटी विशेष महत्त्वाच्या ठरतात.

पहिली भेट मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वी. २००५, २०१९ व २०२१ या वर्षांच्या महापुरांनी जिल्ह्यातील दळणवळण किती सहज तुटते हे दाखवून दिले. ऑगस्ट २०१९ मध्ये पुणे-बंगळूर महामार्गही शिरोलीजवळ काही दिवस बंद होता. वीज नसेल तर नेब्युलायझर व कॉन्सन्ट्रेटर निरुपयोगी होतात. म्हणून या भेटीत किमान महिनाभराची औषधे, स्पेसरसह इनहेलर आणि स्थलांतर करावे लागल्यास सोबत न्यावयाची पिशवी तयार करावी. इन्फ्लुएन्झा व न्यूमोकॉकल लसींविषयी याच वेळी विचारावे.

दुसरी भेट दसऱ्याच्या सुमारास. पुढे दिवाळीचे फटाके, थंडी, गुऱ्हाळे आणि साखर कारखान्यांचा हंगाम एकामागून एक येतात. तिसरी भेट हंगामाच्या अखेरीस, फेब्रुवारी-मार्चमध्ये; वर्षभरात काय सुटले व काय टिकले याचा हिशेब करण्यासाठी. आजार तीव्र असल्यास डॉक्टर याहून अधिक वेळा बोलावतील, ते अर्थातच पाळावे.

प्रत्येक भेटीपूर्वी एका कागदावर पुढील नोंद करावी : चालू असलेली व सोडून दिलेली कामे, रात्री कितीदा उठावे लागले, कफाचा रंग बदलला का, पायांवर सूज आहे का, पूर्वी केलेले काम व स्वयंपाकाचे इंधन, आणि डॉक्टरांना विचारावयाचे तीन प्रश्न. घरातील सर्व औषधे, डोळ्यांच्या थेंबांसह, एका पिशवीत घालून न्यावीत. सीओपीडीच्या निदानासाठी स्पायरोमेट्री ही फुंकण्याची चाचणी आवश्यक असते. औषध घेतल्यानंतरच्या चाचणीत पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेली हवा व एकूण बाहेर टाकलेली हवा यांचे गुणोत्तर ०.७० पेक्षा कमी असल्यास अडथळा मानला जातो. चाचणीपूर्वी इनहेलर किती तास थांबवावा, हे नंबर लावतानाच विचारून घ्यावे. नुकतीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असल्यास तेही सांगावे. अशा वेळी चाचणी पुढे ढकलावी लागते. भेट संपण्यापूर्वी पुढील तारीख व ‘त्रास वाढल्यास काय करावे’ याच्या सूचना लेखी घ्याव्यात.

शासकीय तरतुदी व त्यांच्या मर्यादा :

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणासाठी केलेल्या २००७ च्या कायद्यातील कलम २० मध्ये रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी स्वतंत्र रांगेची तरतूद आहे. २०१०-११ पासून राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रम राबविला जात आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास विनामूल्य झाला. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार निःशुल्क झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या सर्वांसाठी आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण जाहीर झाले. ई-संजीवनीद्वारे दूरस्थ सल्ल्याची सोयही उपलब्ध आहे. स्थिर असलेल्या रुग्णाची फेरतपासणी त्याद्वारे काही प्रमाणात होऊ शकते.

या तरतुदी स्वागतार्ह आहेत. तथापि आरोग्यविम्याच्या योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाचा खर्च उचलतात. दरमहाचा इनहेलर, स्पायरोमेट्री व नियमित भेट यांचा भार खाजगी उपचार घेणाऱ्या कुटुंबावरच पडतो. म्हणजे श्वास कोंडल्यावर पैसे मिळतात, तो कोंडू नये म्हणून मिळत नाहीत. धोरणातील ही उणीव दूर होईपर्यंत नजीकच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नियमित नोंद ठेवणे व जनऔषधी केंद्रांचा उपयोग करणे हा व्यवहार्य मार्ग आहे.

महाविद्यालयांची भूमिका :

या संदर्भात महाविद्यालयांना पुष्कळ करता येण्यासारखे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष शिबिरांत दत्तक गावातील ज्येष्ठांचे ‘सोडलेली कामे’ या निकषावर सर्वेक्षण करता येईल. स्वयंसेवकांना इनहेलरची योग्य पद्धत स्थानिक डॉक्टरांकडून शिकविता येईल. एकट्या राहणाऱ्या वृद्धासोबत दवाखान्यात जाणे, रांगेत उभे राहणे व सूचना लिहून घेणे ही कामे विद्यार्थी उत्तम रीतीने करू शकतात. भूगोल विभागास गावोगावच्या धुराच्या स्रोतांचे नकाशे, तर समाजशास्त्र विभागास रुग्णांच्या कामाचा इतिहास नोंदविता येईल. अशा नोंदी जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेलाही उपयुक्त ठरतील.

निष्कर्ष :

१) सपाट रस्त्यावर आपल्या गतीने चालताना लागणारी धाप ही वयाची नव्हे, आजाराची खूण आहे. २) कोल्हापूर जिल्ह्यात चूल, गुऱ्हाळ, ओतकाम व यंत्रमाग यांचा पूर्वेतिहास निदानात विचारात घेणे आवश्यक आहे. ३) रुग्ण हालचाल कमी करून तक्रार लपवितो, म्हणून सोडलेल्या कामांची विचारणा करावी. ४) ऋतुमानाला धरून आखलेली भेट संकटकाळच्या भेटीपेक्षा अधिक फलदायी ठरते. ५) विद्यमान योजनांनी नियमित भेट व औषधे यांचाही भार उचलणे गरजेचे आहे.

आपण प्राध्यापक मंडळी बहुधा वृद्ध आईवडिलांची मुले आहोत आणि अनेकांचे आईवडील गावी राहतात. फोनवर ‘बरा आहे’ हे उत्तर ऐकून आपण समाधान मानतो. पुढच्या वेळी ‘शेताकडे जाऊन आलात का?’ एवढे विचारावे. उत्तर ‘आता नाही जात’ असे आले, तर पुढील भेटीची तारीख त्याच दिवशी ठरवावी.